नको म्हणणाऱ्या पेशी

"खोटं बोलायलाय साहेब ह्यो, सरळ सरळ खोटं." हे वाक्य पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या साक्षीदारानं म्हटलेलं नव्हतं. वकील तर खाली मान घालून कागद चाळत होते. मग बोललं कोण, म्हणून माणिकरावांनीही इतरांसारखं मागं वळून बघितलं, आणि अख्खं कोर्ट आपल्याच तोंडाकडं बघतंय हे दिसल्यावर त्यांना कळलं, बोललो ते आपणच. दुभाष्यानं असं बोलायचं? तीस वर्षांत एकदा घडलं नव्हतं. छप्पन साली एका सालातच राज्य बदललं, धर्म बदलला आणि नोकरी लागली. हैदराबादचं म्हैसूर झालं, आणि तालुक्याच्या या कोर्टात मराठी, कन्नड, उर्दू नि इंग्रजी अशा चार भाषा जाणणारा माणूस कारकुनाच्या खुर्चीत बसला. पहिल्या मुन्सफांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "साक्षीदार ‘मी’ म्हणाला तर तूही ‘मी’च म्हणायचं. ‘तो म्हणतो की’ असली शेपटी लावायची नाही. आपलं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही." तेव्हापासून माणिकरावांनी चार भाषांत खून केले, बांध कोरले, नवऱ्याचा मार खाल्ला, विधवा झाले, आणि पाचच्या ठोक्याला पिशवी उचलून घरी आले. एकदा अफजलपूरकडचा एक पाटील त्यांच्याकडंच बोट करून म्हणाला होता, "असल्यांना मी वसरीवर चढू देत न्हाई." त्यांनी ते कन्नडमध्ये जसंच्या तसं सांगितलं, ‘मी’ लावून, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता. वकिलांनी नंतर पाठ थोपटली. त्या दिवशी ते घरी छाती काढून चालत गेले. आणि आज हे! मुन्सफसाहेब चांगला माणूस, ओरडले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "माणिकराव, प्रकृती बघा. रजेवर जा." माणिकराव म्हणाले, "जातो साहेब. तुमचं धोतर मागून फाटलंय." साहेबांनी पॅन्ट घातली होती. धोतर त्या म्हाताऱ्याचं फाटलेलं होतं, पण कुणाचं कुणाला सांगायचं हेही आता हातचं सुटलं होतं.

झालं होतं एवढंच, की पावसाळा सरता सरता हुमनाबादहून येताना एस.टी.पुढं म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि माणिकरावांचं कपाळ पुढच्या बाकाच्या लोखंडी दांडीवर जाऊन आदळलं. तीन टाके. पंधरा दिवसांत जखम भरली, खूण भुवईत लपली, माणूस होता तसा उभा राहिला, जेवला, सही केली, पगार आणला. "गाडीचा ब्रेक लागला अन् माझा गेला," असं ते स्वतःच म्हणायचे नि हसायचे, आणि मग ते हसू थांबायचं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत चालायचं, आणि बघणाऱ्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरायचं. हॉटेलात शेजारच्याचा कप दिसला की हात आपोआप जाऊन तो तोंडाला लावायचा. नको, नको, असं आत कुठंतरी उमटायचं, पण ते उमटेस्तोवर चहा संपलेला असायचा. कन्नडवरून मराठीवर यायचं म्हटलं तर जीभ कन्नडातच अडकून बसायची, सकाळी ज्या भाषेत सुरू झाली त्याच भाषेत दिवसभर. साक्षीदाराचं लांब वाक्य निम्म्यात यायचं तोवर खिडकीबाहेरचा कावळा, पट्टेवाल्याचा खोकला, पंख्याची करकर, सगळंच एकदम आत घुसायचं आणि वाक्य सांडून जायचं. शेजारच्या चंद्रभागाबाई पीठ मागायला आल्या तर त्यांना तोंडावर म्हणाले, "तुमच्या सुनंला तुम्ही आवडत न्हाई, ठाऊक हाय का?" त्या माउलीनं डबा तिथंच ठेवला नि गेली. सरुबाई कपाळावर हात मारून घ्यायची. सरुबाई, म्हणजे त्यांची बायको, निंबर्ग्याची. तिला अक्षरओळख नव्हती, पण कान असा, की धर्म घेतला त्या वर्षी तीन रविवारांत विहारातली अख्खी पाली वंदना तिनं पाठ केली होती. अर्थ विचारला तर हसायची. "अर्थ भंतेजींना ठाऊक. आपून सूर चुकू द्यायचा न्हाई," असं ती नव्या पोरींना बजावायची, आणि एखादीनं ऱ्हस्वाचं दीर्घ केलं तर डोळे मिटल्या मिटल्या तिला थांबवायची.

गुलबर्ग्याला डोक्याचे डॉक्टर होते, जगदेवप्पा म्हणून. हैदराबादेत शिकलेले, बोलताना कन्नड, दखनी नि मराठी यांचा काला करणारे. त्यांनी माणिकरावांना गोष्ट सांगायला लावली, बोट नाकाला लावायला लावलं, टाळी वाजवली की हात उचलायचा आणि दोन वाजवल्या की उचलायचा नाही असा खेळ खेळवला. दोन टाळ्यांनासुद्धा हात वर गेला. दर वेळी गेला. माणिकराव आपल्या हाताकडं बघत राहिले. परक्याचा हात असा दिसतो, असं त्यांना वाटलं. मग डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "हितं, अण्णा. कपाळाच्या मागं मेंदूचा पुढचा भाग. तिथल्या पाचातल्या चार पेशी म्हणतात, कर, बोल, ऊठ. पाचवी म्हणते, नको. तिचं कामच ते." सरुबाई म्हणाली, "यवढंच?" "यवढंच न्हाई अक्का, त्यातच समदं हाय. कुणी बाकीचा गलका दाबते, तवा एक गोष्ट ध्यानात टिकते. कुणी हाताला आवरते. कुणी जुनी रीत मागं सारते, तवा एक भाषा सोडून दुसरीवर येता येतं. काही तर नको म्हणणाऱ्यांनाच नको म्हणतात, तवा माणूस मोकळा बोलतो. कोणती कुठं नि कशी, हे आता कुठं कळायला लागलंय." माणिकरावांनी विचारलं, "आन् माझ्या त्या समद्या मेल्या?" "फक्त त्याच गेल्या असं न्हाई म्हणत मी. मार सगळ्या भागालाच लागलाय. थोडं सुधारंल. गेलेलं परत येत न्हाई. दोन महिन्यांनी दाखवा." माणिकराव म्हणाले, "तुमचे दात पुढं हाईत." डॉक्टर म्हणाले, "हाईत," आणि चिठ्ठी लिहायला लागले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते, तुरीची रानं मागं जात होती, आणि डोक्यात एकच कीड वळवळत होती. पाटलानं बोट दाखवलं तेव्हा जो गप्प राहिला तो माणिकराव शिंगे नव्हताच तर! ती पाचवी होती. ज्याला तो तीस वर्षं आपला सच्चेपणा, आपला संयम, आपली शिकवण म्हणून मिरवत होता, ते कपाळामागचं चिमूटभर मांस होतं, आणि ते एका म्हशीपायी गेलं. मग मी कोण? बोलणारा का गप्प बसणारा? यावर ते फार वेळ विचार करू शकले नाहीत, कारण पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंबाड्यातलं फूल त्यांनी तोवर उपटून हातात घेतलं होतं आणि सरुबाई तिच्या पाया पडत होती. पण घर जवळ येऊ लागलं तसं त्यांना दुसरंच आठवलं. पाटलाचं, साहेबांचं, चंद्रभागाबाईंचं सोडा. पोटात एक गोष्ट होती. सतरा वर्षं होती. ती बाहेर आली तर शेजारी बसलेली ही बाई, हिचं काय होईल? त्या गोष्टीला धरून ठेवणारं आता आत कुणी राहिलं नव्हतं, आणि गावाची वेस दिसायला लागली होती.

एकोणसत्तर सालचा पौष. नागसेन सात वर्षांचा, सरूला सातवा महिना, आणि ती डोहाळजेवणाला भावाकडं निंबर्ग्याला गेलेली. जाताना दारात उभं राहून तिनं सांगितलं होतं, "लेकराला कोर्टात नेऊ नका. चंद्रभागाबाईकडं ठिवा." दुसऱ्याच दिवशी नागू पायाला मिठी मारून बसला, आणि त्यांनी नेलं. कोर्टाच्या आवारात चिंच होती. आत बसम्मा नावाच्या एका बाईची जबानी चालू होती, जमिनीचा दावा, बाई घडाघडा कन्नड बोलणारी, समोरचा वकील मराठी. पट्टेवाल्यानं येऊन कानात सांगितलं, "लेकरू झाडावरून पडलंय. उठून बसलंय, पन एकदा ओकलं." माणिकरावांनी त्याला हातानं ‘थांब’ केलं. थांब! बसम्माचं वाक्य अर्धं होतं. मग ते पुरं झालं, मग पुढचं सुरू झालं, आणि ते सांगत राहिले, मी विहिरीवर गेले, मी बघितलं, मी ओरडले. तासभर. आवाज हलला नाही. त्या तासाचा त्यांना नंतर किती दिवस, अगदी खरं सांगायचं तर, अभिमानसुद्धा वाटला होता, आणि त्या अभिमानाची आठवण झाली की अजून तोंडाला कडू पाणी सुटतं. दवाखान्यात नेलं तेव्हा नागू बोलत होता. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली. "आईला बोलवा की. आई आली का?" दारात तात्याराव वकिलांची जीप उभी होती. तात्याराव म्हणाले, "बारा मैल हाय निंबर्गा. तासात घेऊन येतो बाईला." माणिकराव म्हणाले, "नको." तिला सातवा महिना, हादरे बसतील, पोर तर बरं दिसतंय, संध्याकाळपर्यंत उठेल, कशाला. पोरगं परत म्हणालं. तात्यारावांनी परत विचारलं. नको. दोन वाजायच्या सुमाराला तिसऱ्यांदा म्हणालं, आणि मग म्हणालं नाही.

सरू दिवस मावळायच्या आधी आली. माणिकरावांनी तिला सांगितलं, "पडला तसा गेला. त्याला कायबी कळलं न्हाई." तिनं त्यांचे दोन्ही हात धरून विचारलं होतं, "माझी आठवन काढली न्हाई ना त्यानं?" "येळच कुठं हुता?" त्या एका वाक्यावर ती बाई सतरा वर्षं जगली. हो, जगली, दुसरा शब्द नाही त्याला. मुलगी झाली, वाढवली, तिचं लग्न करून दिलं, पण दर पौषात एक दिवस ती भाकरी थापता थापता थांबायची आणि विचारायची, "कळलं न्हाई ना त्याला?" आणि ते म्हणायचे, "न्हाई कळलं." ती मग पुन्हा भाकरी थापायला लागायची. एवढंच. हा त्यांच्या घरातला सण होता म्हणा. तात्याराव मेले, पट्टेवाला मेला, दवाखान्यातली माणसं बदलून गेली. ठाऊक असलेला एकटा माणूस उरला, आणि त्याचा ब्रेक गेला.

आणि पौष तोंडावर आलेला. पहिल्यांदा ते वाक्य आलं तेव्हा सरू चुलीपुढं होती. तिची पाठ दिसत होती, पांढरे केस मानेवर आलेले, आणि त्या पाठीची माणिकरावांना इतकी दया आली की तीच दया वाक्य होऊन घशाशी आली. लेकरू दुपारपर्यंत... त्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला. ठसका लागला. तिनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हातानं वाक्य पुन्हा वर आलं. ते उठले, अंगणात गेले, जीभ दातांत धरली, रक्त येईपर्यंत धरली. थांबत नव्हतं. अडवायचं म्हटलं की ते आणखी जोरानं यायचं. आणि अगदी ओठांवर आलं असताना, कशी कोण जाणे, तीस वर्षांची सवय धावून आली: मराठी वाक्य इंग्रजी होऊन बाहेर पडलं. कोर्टातली इंग्रजी, जबानीची. लेकरू दुपारी दोनपर्यंत जिवंत होतं, ते आईला बोलवा म्हणत होतं, मी बोलावणं धाडलं नाही. तीन तुकडे, खणखणीत. सरू म्हणाली, "काय म्हनायलात?" "कोर्टातलं काय तरी." ती हसली नि तवा उतरवायला लागली. माणिकराव भिंतीला टेकून खाली बसले. वाचलो! अडवता येत नाही, पण वळवता येतंय. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले.

मग रोजचंच झालं. सकाळी दात घासताना, सरू न्हाऊ घालताना, दुपारी ती उंबऱ्यात गहू निवडताना. ते वाक्य यायचं आणि इंग्रजी होऊन जायचं, तेच शब्द, तोच क्रम, कारण जबानीत शब्द बदलायचे नसतात. बोलून झालं की डोळ्यांतून पाणी यायचं. ते त्यांना वळवता येत नसे. सरू पदरानं पुसायची. हळूहळू ती विचारायची बंद झाली. नुसती जवळ येऊन बसायची, गहू बाजूला ठेवून, मान किंचित तिरकी करून. माणिकरावांना वाटायचं, बिचारी, आपल्या दुखण्याला सरावली. कधी कधी तिचे ओठ हलत. विहारातलं काही म्हणत असेल, आपल्यासाठी, असं त्यांच्या मनात यायचं, आणि त्यांना तिची आणखी दया यायची, आणि वाक्य पुन्हा यायचं. ज्या बाईनं एक अख्खी भाषा अर्थाशिवाय नुसत्या कानानं घरात आणून ठेवली, तिच्यापुढं आपण रोज तेच तेच म्हणतोय, हे या चार भाषांच्या पंडिताच्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही. आलं असेल तर कावळ्यामागं निघून गेलं असेल.

सांगितलेल्या दोन महिन्यांनी, पौषातला तो दिवस यायच्या आधीच, ते पुन्हा गुलबर्ग्याला गेले. सकाळची वेळ, डॉक्टरांच्या टेबलावर ऊन. जगदेवप्पांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या; दोन टाळ्यांना हात वर जाता जाता मध्येच थांबला. "बघा, सुधारतंय," डॉक्टर म्हणाले. "आणखी काय, अक्का?" सरुबाई खुर्चीच्या कडेला सरकून बसली. "एक हाय डाक्टर. रोज एकच काय तरी म्हनत्यात. म्हनलं की रडत्यात. मी इचारलं तर कोर्टातलं हाय म्हनत्यात. कोर्टातल्यासाठी मानूस असं रडतंय व्हय? मी पाठ केलंय. तुमी ऐका." माणिकराव खुर्चीतून अर्धे उठले. सरू, असं ते म्हणाले, की नुसतं वाटलं कोण जाणे. तिनं सवयीनं हात जोडले, डोळे मिटले, आणि विहारात म्हणायची त्या सुरात, सावकाश, ते तीन तुकडे म्हणून दाखवले. एक शब्द गळला नाही. त्यांच्या तोंडात जे खणखणीत होतं ते तिच्या तोंडात मऊ झालं होतं, पण होतं सगळं. मग तिनं डोळे उघडले. "याचं मराठीत काय हुतंय?"

डॉक्टर टेबलावरच्या चिठ्ठ्या सरळ करायला लागले. त्यांच्या कपाळामागचं सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी एकदा माणिकरावांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "कायतरी जुन्या केसमधलं हाय, अक्का." भला माणूस. माणिकरावांना त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण खोलीत शांतता झाली. आणि ती शांतता माणिकरावांच्या ओळखीची होती. एका भाषेत वाक्य संपलंय, दुसऱ्या भाषेतला माणूस वाट बघतोय, आणि सगळे गप्प आहेत. तीस वर्षं ही जागा त्यांची होती. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. जीभ दातांत धरली. इंग्रजीकडं वळवायला गेले, पण इंग्रजीतूनच तर ते आलं होतं. तिकडं जायला वाट नव्हती, फक्त इकडं यायला होती. आवाज लागला. तो कोर्टातला आवाज होता, कोरडा, न हलणारा, त्यात आपलं काही घातलेलं नव्हतं आणि दुसऱ्याचं काही गाळलेलं नव्हतं. "लेकरू दुपारी दोन वाजेस्तोवर जित्तं हुतं. ते आईला बोलवा म्हनत हुतं. मी बोलावनं धाडलं न्हाई."

सरुबाई ओरडली नाही. तिचे जोडलेले हात अजून तसेच होते. तिनं विचारलं, "किती येळा म्हनला?" "तीनदा." "मग कामून न्हाई धाडलं?" सातवा महिना, हादरे बसतील, पोर बरं दिसत होतं, ही उत्तरं सतरा वर्षं तयार होती, पण ती लावून ठेवणाराच गेला होता. "तू नेऊ नका म्हनली हुतीस. मी नेला. तू बोलशील म्हनून भ्यालो." हे त्यांनी आजवर स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. डॉक्टर उठून खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. माणिकरावांच्या ओठावरून जिभेचं रक्त हनुवटीवर आलं होतं. सरुबाईनं पदराचं टोक घेतलं आणि रोज पुसायची तसं ते पुसलं. मग ती म्हणाली, "आता थांबू नका. आनखी काय म्हनला त्यो? समदं सांगा मला."

थांबू नका, असं घरी-दारी त्यांना कित्येक महिन्यांत कुणी म्हटलं नव्हतं. आणि थांबायचं होतं ते आत्ता. जन्मात कधी नव्हतं इतकं, सगळा जीव गोळा करून, नको, नको, नको, असं माणिकराव आत म्हणत होते आणि ते ऐकणारं तिथं कुणी नव्हतं.

"खिशात चिंचा हाईत म्हनला. आईला आंबट लागतंय, तिच्यासाठी काढल्या."